दाढी झाल्यावरचं ब्लेड

मुलचेऱ्यात बदलीवर आलेला माणूस ओळखायला त्याची भाषा ऐकावी लागत नाही. किराणा दुकानात उभा राहिल्यावर त्याची मान वर जाते की खाली, एवढं पाहिलं तरी पुरे. साध्या ब्लेडचे पत्ते इथं शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी दोरीला लोंबत असतात. गावचा माणूस मान वर करतो, बोटानं दाखवतो आणि ब्लेड खिशात घालून चालू लागतो. पाच पात्यांचं कार्ट्रिज, दुकानात असलंच तर, काउंटरच्या काचेआड असतं. शेजारी टॉर्चच्या बॅटऱ्या आणि उधारीची वही. बदलीवाला वाकून काचेत बघतो.

"पाचवालं नाही का?"

दुकानदार भाऊ काचेत एकदा उगाच बघून घेतात. "नाही जी. दोनवालं हाय. पाचवालं आलापल्लीले भेटन, नाही त चंद्रपूर."

तिथून पुढं साहेबांची दाढी मीटिंगच्या तारखांवर चालते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला खरा, पण तो महसुलापुरता. खरेदीपुरते आम्ही अजून एकत्रच आहोत, आणि "चंद्रपूरले कोन चाल्लं?" हा प्रश्न कचेरीत आठवड्यातून एकदा तरी निघतोच. जो जाणार असतो त्याच्याकडं याद्या जमा होतात: कुणाचं बीपीचं औषध, कुणाच्या मिक्सरचं भांडं, आणि साहेबांचं पाचवालं. चार कार्ट्रिजच्या पाकिटाला किती मोजावे लागतात, हे ऐकून आणणाऱ्याचा चेहरा दाढी न करताच कापल्यासारखा होतो. आमच्या भागात नोकरी करणाऱ्याला सरकार एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी देतं. "एकस्तर सरकारकडून घेतात आन् पाचस्तर गालावर फिरवतात," असा आमच्या निवृत्त गुरुजींचा शेरा आहे.

गुरुजी दुसऱ्या पक्षाचे. त्यांचा सेफ्टी रेझर चंद्रपूरच्या गोल बाजारातला, पहिल्या पगारातला. त्यानंतर तालुका बदलला, जिल्हा बदलला, पगाराचा आयोग किती वेळा बदलला, रेझर तोच. गुरुजींची दाढी पाहण्यासारखी असते, आणि ते ती ओसरीत करत असल्यामुळं पाहावीच लागते. खांबाला खिळा, खिळ्याला आरसा. आरशाचा पारा खालच्या बाजूला उडालेला, त्यामुळं हनुवटीचं काम अंदाजपंचे. गिलासात गरम पाणी, वाटीत साबणाची वडी, मांडीवर जुन्या पेपरचा चौकोनी तुकडा. रेझरचा दांडा उलटा फिरवला की त्याचे तीन भाग होतात: दांडा, तबकडी आणि टोपी. मध्ये ब्लेड ठेवून दांडा आवळला की ब्लेड किंचित वाकतं आणि दोन्ही बाजूंनी केसाएवढी धार बाहेर डोकावते. तेवढीच पुरते. बाकीचं ब्लेड निव्वळ पकडायला.

"दाबायचं नाही," गुरुजी सांगतात. "तीस अंशाचा कोन धरायचा. रेझर आपल्या वजनानं जाते." भूमितीचा हा एकच कोन त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यभर लक्षात राहिलेला आहे. मग ते जिभेनं आतून गाल फुगवतात आणि व्याख्यान थांबतं. प्रत्येक फेऱ्यानंतर रेझर पेपरवर पुसायचा. पेपरवर बहुधा गेल्या निवडणुकीतला एखादा उमेदवार हात जोडून उभा असतो. अर्धी दाढी होईपर्यंत तो फेसाखाली गेलेला असतो, नमस्कार तेवढा वर. शेवटी गालावर तुरटी. ही तुरटीही दाढीसाठी वेगळी आणलेली नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की गुरुजींच्या घरी हीच तुरटी हंड्यात फिरवली जाते. गाळ खाली बसवायचा आणि रक्त थांबवायचं, अशा दोन्ही खात्यांचा चार्ज तिच्याकडं आहे.

आणि इथंच या वादाची खरी मेख आहे. कोणत्या रेझरनं दाढी गुळगुळीत होते, यावर शहरातली माणसं तासन् तास बोलू शकतात. मुलचेऱ्यात तो मुद्दा दुय्यम. इथं वस्तूला विचारतात: तुझं ठरलेलं काम झाल्यावर तू आणखी काय करतेस?

सेफ्टी रेझरला घराघरांत पोहोचवणाऱ्या माणसाला हा प्रश्न अजिबात मान्य झाला नसता. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकन गृहस्थ फिरता विक्रेता होता. तो ज्या कंपनीत होता तिचा मालक विल्यम पेंटर. सोड्याच्या बाटलीला जे कंगोऱ्याचं पत्र्याचं झाकण असतं, त्याचं पेटंट पेंटरनं १८९२ मध्ये घेतलं होतं. त्यानं जिलेटला सल्ला दिला, की लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील असं काहीतरी शोधून काढ. जिलेट तेव्हा वेगळ्याच नादात होता. १८९४ मध्ये त्यानं एक पुस्तक लिहून व्यापारातली सगळी स्पर्धाच बंद करावी आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर एकच महाप्रचंड शहर वसवून बहुतेक सगळ्या अमेरिकेनं तिथं राहावं, अशी योजना मांडली होती. शहर काही वसलं नाही. पुढच्या वर्षी आपला वस्तरा बोथट झालेला पाहून त्याला पेंटरचा सल्ला आठवला: पातळ पत्र्याचं, दोन धारांचं, टाकाऊ ब्लेड. एवढ्या पातळ पोलादाला धार आणायचं कोडं विल्यम निकरसननं सोडवलं, १९०१ मध्ये कंपनी निघाली आणि १९०३ मध्ये विक्री झाली एकूण ५१ रेझर आणि १६८ ब्लेडची. एवढा माल आमच्या दोरीवरच्या पत्त्यांतून निघाला असता. पण पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं, विक्री हजारांत गेली, आणि स्पर्धा बंद करायला निघालेला माणूस जगातल्या बड्या कंपन्यांपैकी एकीचा मालक झाला.

पेंटर आणि जिलेट या दोघांचं गणित "फेकतील" या एका क्रियापदावर उभं होतं. मुलचेऱ्यात ते दोघंही नापास झाले.

पेंटरचं आधी सांगतो. त्याचं झाकण इथं बाटलीवरून निघालं की दगडानं ठेचून चपटं होतं, खिळ्यानं दोन भोकं पडतात, दोरा ओवला जातो आणि पोरांची भिंगरी तयार. तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा बंगाली वसाहती आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना इथं जमिनी देऊन वसवलं गेलं. मासळीशिवाय त्यांचं पान हलत नाही. लाकडाच्या पट्टीला दोन-तीन झाकणं उपडी ठोकली की रोहूची खवलं सरासर निघतात. एकदा वापरायच्या वस्तूनं दोन-दोन पिढ्यांचे मासे साफ केले, हे पेंटरला कळलं असतं तर त्यानं झाकणाचा पत्रा आणखी पातळ केला असता.

जिलेटचं तर विचारूच नका. गुरुजींच्या गालावरून उतरलेलं ब्लेड म्हणजे कामावरून निवृत्त झालेलं ब्लेड नव्हे. दाढी ही त्याची पहिली नेमणूक. तिथून ते त्याच कागदी वेष्टनात घडी करून शिवणाच्या डब्यात जातं. घरातल्या बायांना ब्लाउजची शिवण उसवायला दुसरं हत्यार लागत नाही, आणि बाजारचा ब्लाउज उसवल्याशिवाय घालता येत नाही. त्यानंतर नातवाची पेन्सिल. त्यानंतर नखं. त्यानंतर वायरमनच्या आधी घरीच केलेलं वायर सोलण्याचं काम, ज्याच्यानंतर वायरमनला बोलवावंच लागतं. झेरॉक्सच्या दुकानात एका धारेला चिकटपट्टी गुंडाळलेलं ब्लेड असतं. जातीच्या दाखल्यापासून जॉबकार्डापर्यंत अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो त्यानंच कापलेले आहेत. जुन्या काळी कारकून मंडळी तर वहीतला चुकलेला आकडा ब्लेडच्या टोकानं हळूहळू खरवडून काढत, वरून नखानं कागद घोटत, आणि नवा आकडा असा बसवत की कागद उजेडात धरल्याशिवाय पत्ता लागू नये. वहीची दाढी करण्याची ती कला संगणकानं बुडवली.

सलूनमध्ये ब्लेडचा हिशोब आणखी बारीक असतो. कारागीर नवं ब्लेड वेष्टनातून पूर्ण काढतच नाही. कागदासकट ते दोन्ही हातांच्या चिमटीत धरतो, उभं वाकवतो, 'कट्' असा छोटा आवाज होतो आणि एकाची दोन होतात. अर्धं उस्तऱ्यात, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी फळीवर. एकेकाळी हाच उस्तरा दिवसभर सगळ्या गावाच्या गालांवरून फिरत असे. एड्सविषयी जागृती सुरू झाल्यावर "नवं ब्लेड लावा" म्हणायला लोक शिकले, आणि आज मराठी, बंगाली, तेलुगू, गोंडी बोलणारी गिऱ्हाइकं एका बाकावर बसून एवढं एक वाक्य सारख्याच ठसक्यात म्हणतात. जिलेटच्या हिशोबात एक माणूस, एक ब्लेड. इथं एका ब्लेडमागं दोन माणसं. अमेरिकेनं विकलं त्याच्या दुप्पट गाल आपण भागवतो.

आणखी एका जागी जुनं ब्लेड चालत नाही, आणि ते या भागातल्या सगळ्या दायांना पक्कं ठाऊक आहे. घरी बाळंतपणं होत तेव्हा आरोग्य खात्यानं शिकवलेल्या पाच स्वच्छतांमध्ये स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ धागा, स्वच्छ नाळ यांच्या जोडीला एक कोरं ब्लेड असे. दोन-तीन रुपयांची ही वस्तू इथल्या किती माणसांना जन्मल्या-जन्मल्या पहिल्यांदा भेटली असेल! मिसरूड फुटल्यावरची भेट ही म्हणजे ओळख काढून पुन्हा झालेली.

आता कार्ट्रिजकडं या. लोक ब्लेडचं काय-काय करतात हे कंपन्यांनी बहुधा पाहिलं असावं, कारण त्यांनी ब्लेड प्लास्टिकमध्ये गाडून टाकलं. १९७१ मध्ये जिलेटनं दोन पात्यांचं कार्ट्रिज काढलं. पहिलं पातं केस थोडा ओढून वर काढतं, तो परत आत जायच्या आधी दुसरं त्याला खालून कापतं, असं त्यामागचं शास्त्र. १९७५ मध्ये एका अमेरिकन विनोदी टीव्ही कार्यक्रमात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात दाखवली. लोक पोट धरून हसले. १९९८ मध्ये तीन पात्यांचा रेझर खरोखर आला, आणि त्याची जाहिरात विनोदी नव्हती. २००३ मध्ये दुसऱ्या कंपनीनं चार आणली, म्हणून २००६ मध्ये जिलेटनं पाच. भूमिपूजनाच्या फोटोत कुदळीला पाच जणांचे हात असतात आणि खड्डा नंतर एकटा मजूर खणतो, तशी या पाच पात्यांत नेमकं काम कोण करतं याची चौकशी व्हायला हवी.

पण माझी तक्रार पात्यांच्या संख्येबद्दल नाही. पाच पाती आहेत आणि त्यातलं एकही घराच्या उपयोगी पडत नाही, ही तक्रार आहे. साहेबांचं वापरलेलं कार्ट्रिज त्यांच्या घरकाम करणाऱ्या मावशींनी एकदा वाया जाऊ नये म्हणून मागून नेलं. शिवण उसवायला बघितलं, जमलं नाही. विळीच्या दांड्यानं ठेचून पाती सुटतात का बघितलं. निघाल्या त्या मच्छराच्या पायाएवढ्या पट्ट्या, ना बोटात धरवत, ना टाकवत. "एवढ्या पैशाचं घेतलं आन् पेन्सिलबी होत नाही जी," असं म्हणून त्यांनी ते साहेबांना परत दिलं. परत दिलं, फेकलं नाही, हे महत्त्वाचं.

दुसरी अडचण पाण्याची. पाच पात्यांच्या फटींत केस अडकतात आणि ते निघायला नळाची धार लागते. आमचा नळ येतो, पण त्याच्या वेळेला. दाढीच्या वेळेला येईलच असं नाही. मग क्वार्टरमधून सकाळी बेसिनच्या कडेवर कार्ट्रिज आपटल्याचा टकटक आवाज येतो. हा प्रश्न खुद्द जिलेटलाही अनुभवानं शिकावा लागला. भारतासाठी काढलेला एक रेझर कंपनीनं आधी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय पोरांकडून तपासून घेतला. पोरं खूश. भारतात आल्यावर मात्र केस अडकायला लागले, कारण एमआयटीच्या वसतिगृहात चोवीस तास नळ होता आणि इथला माणूस गिलासभर पाण्यात दाढी उरकत होता. मग त्यांची माणसं इथल्या घराघरांत जाऊन बसली, लोकांना दाढी करताना बघत राहिली, आणि २०१० मध्ये 'गार्ड' नावाचा रेझर आला: किंमत १५ रुपये, नवं कार्ट्रिज ५ रुपयांना, सहज धुता येईल असा, आणि आत पातं एकच. पाच पात्यांपर्यंत पोहोचलेली कंपनी मोठा खर्च करून गुरुजींच्या ओसरीवर परत आली. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त गाल फुगवला.

न्यायानं बोलायचं तर कार्ट्रिजचीही बाजू आहे. पहाटे अंधारात उठून टॉर्चच्या उजेडात दाढी उरकून गस्तीला निघणाऱ्या जवानाला तीस अंशाचा कोन शोधायला वेळ नसतो. कार्ट्रिजची मान आपोआप वळते, गालाला कापत नाही, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यालाही ते सांभाळून घेतं. विमानाच्या केबिनमध्ये सुटं ब्लेड नेऊ देत नाहीत, कार्ट्रिज नेऊ देतात, हाही त्याचा एक फायदा सांगतात. मुलचेऱ्यातून विमानतळ गाठायला आधी नागपूर गाठावं लागतं, तोवर दाढी पुन्हा वाढलेली असते, ही गोष्ट वेगळी. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला, हातात पैसे आले, की गावातली तरणी पोरंही हौसेनं एखादं कार्ट्रिज घेतात. ते मग दिवाळीपर्यंत चालवायचं असतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, तोवर त्या कार्ट्रिजनं दाढी कापली जात नाही, समजूत घालून बसवली जाते.

धार जाते कशी, हेही एक नवल आहे. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, सुमारे पन्नास पटींनी. तरी ब्लेड बोथट होतं. एमआयटीतल्याच संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं, तेव्हा कळलं की धार हळूहळू झिजण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात. केस तिरका वाकून धारेच्या नाजूक जागेवर आला की पोलाद हार खातं. हे शास्त्र कळण्याआधीच आमच्या आजोबांच्या पिढीनं त्यावर इलाज केला होता. ब्लेड काचेच्या गिलासात आतून बोटानं दाबून गोल-गोल घासायचं. धार परत येत होती की येते असं वाटत होतं, याची तपासणी त्यांच्या गालांनी केली, आणि त्या गालांनी कधी तक्रार केली नाही.

तिकडं पुण्या-मुंबईत म्हणे उलटीच तऱ्हा. तिथली तरुण मंडळी कार्ट्रिज सोडून सेफ्टी रेझरकडं वळताहेत. पितळेचा रेझर, रानडुकराच्या केसांचा ब्रश, लाकडी पेटी, चंदनाचा साबण असा हजारोंचा सरंजाम. प्लास्टिकचा कचरा कमी होतो, आजोबांशी नातं जुळतं, सकाळ शांत जाते, असं सांगतात. गुरुजींच्या सकाळीत शांतता नसते, नातू पेन्सिल घेऊन रांगेत उभा असतो. पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निघालेलं जे सुपर मॅक्स वर्षानुवर्षं आमच्या दोरीला लोंबत आलं, त्याला पुण्यात लाकडी पेटीत मान मिळतोय याचा गावाला अभिमानच आहे. दुकानदार भाऊंनी तर विचारलं, "मंग ते वापरल्यावर काय करतेत?" फेकतात, म्हटलं. भाऊंना वाईट वाटलं.

तेव्हा निवडीचा माझा सल्ला साधा आहे. शहरात राहत असाल, नळ चोवीस तास असेल आणि घरात शिवणाचा डबा नसेल, तर खुशाल पाचवालं घ्या. ज्या घरात शिवणारं, शिकणारं आणि नखं वाढणारं कुणी आहे त्या घरात दोन धारांचं साधं ब्लेड आणावं, कारण दाढी हे त्याचं केवळ निमित्त आहे.

मात्र सध्या मुलचेऱ्यात हा वादच वेगळ्या वळणावर आलाय. दाढीवाल्या हिरोंचे सिनेमे आले, २०१८ मध्ये 'केजीएफ', २०२१ मध्ये 'पुष्पा', आणि तेलंगणाच्या इतक्या जवळ असलेल्या तालुक्यात जे व्हायचं ते झालं. पोरांनी दाढ्या सोडल्या. रेझर दोन्ही जातींचे बाद. फोनच्या चार्जरवर चालणारं ट्रिमर आलं, तेही महिन्यातून एकदा. गुरुजींच्या नातवानंही परवा गाल खाजवत जाहीर केलं, की आपण दाढी ठेवणार. आजोबांना संस्कृतीची काळजी वाटली. आजीची काळजी जास्त नेमकी होती: आज गुरुजी आहेत तोवर ठीक, उद्या शिवण उसवायला ब्लेड कुठून आणायचं?

शेजारच्या घरात तो दिवस आलेलाच आहे. तिथं तिन्ही लेक दाढीवाले, बापाची दाढी सलूनमध्ये. तिथली माय परवा दुकानात आली, मान वर केली आणि ब्लेडचा अख्खा पत्ता काढायला सांगितला. दुकानदार भाऊंनी विचारलं, "कोनासाठी वो काकू? तुमच्या घरी त सारेच पुष्पा हायेत."

"माह्यासाठी," काकू म्हणाल्या. "आन् पक्की धार पाहून दे. मागचं दाढीच्याच कामाचं निघालं होतं."